कुसुम आठल्ये नावाची पेशंट

आधीच सांगून टाकते, या धाग्यावर मी गेलं वर्षभर नुसती वाचायला येते आणि खरं म्हणजे निम्मे अनुभव वाचून हसते. रागावू नका. डॉक्टर माणूस मी... छातीवर काहीतरी बसलं होतं, हलता येईना, असं कुणी लिहिलं की माझं निदान वाचता वाचताच तयार असतं. कुणाला बाथरूममध्ये सावल्या दिसतात, तिथे मला आधी गॅस गीझरचा विषारी वायू आठवतो. त्यातून मी राहते काशीत. मणिकर्णिका आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. "राम नाम सत्य है" म्हणत रोज कुणी ना कुणी गल्लीच्या तोंडावरून जातं. लहानपणापासून इतकी माणसं जाताना पाहिली, परत येताना एकही पाहिलं नाही. त्यामुळे आत्मा, संकेत असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. एक गोष्ट मात्र घडली आणि तिला ठेवायला माझ्या डोक्यात जागा सापडत नाहीये, म्हणून लिहिते.

आमचं घर दुर्गाघाटाकडून वर येणाऱ्या गल्लीत. खाली दवाखाना, वर आम्ही. दवाखान्यात बाहेरची खोली पेशंटांची, आतली माझी, मध्ये दार आणि दाराला पडदा. मागे एक अंधारी कोठी आहे, तिथे पूर्वी औषधं घोटली जायची. दवाखाना माझ्या वडिलांचा, अण्णांचा. मी लखनौला नोकरीत होते. अण्णा गेले तेव्हा आईला तिकडे न्यायचं ठरवलं, तर ती म्हणाली, "लोक मरायला काशीत येतात आणि तू मला काशीतून बाहेर काढतेस होय?" मग मीच परत आले.

अण्णांचा सगळा कारभार कार्डांवर. जाड पिवळट कार्डं, भिंतभर लाकडी खण, आणि कुठलं कार्ड कुठे हे एकट्या अण्णांना ठाऊक. पेशंट दारात दिसला की त्यांचा हात आपोआप खणाकडे जायचा. मग कार्डावरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचायचे आणि वर "ये बाळ, आत ये". समोरचा ऐंशीचा असला तरी बाळच. मोहल्ल्यातले लोक अजून त्याची नक्कल करतात.

हे सगळं ऐकायला फार गोड आहे. चालवायला नाही. एका पुराच्या वर्षी गंगा थेट गल्लीत आली आणि खालचे खण भिजले. उरलेल्या कार्डांना वाळवी. अक्षर डॉक्टरी, त्यात निम्मं इंग्रजी निम्मं मराठी. अण्णांच्या डोक्यात जी किल्ली होती ती अण्णांबरोबर गेली. मी कॉम्प्युटर आणला आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. मोबाईल नंबर टाकला की बीपी, शुगर, चालू गोळ्या, सगळं समोर. दवाखान्यात आग लागली तरी माझे रेकॉर्ड सुरक्षित. कार्डांचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा भर ओपीडीत, वीज गेलेली असताना, टॉर्च तोंडात धरून एक कार्ड शोधून दाखवावं.

आईला ते पटलं नाही. तिचा विरोध कॉम्प्युटरला नव्हता, कार्डं जाण्याला होता. "रद्दीत देऊ नकोस हं मंजू," ती म्हणाली, "उद्या कचौडीवाल्याच्या पुडीवर लोकांची मूळव्याध वाचायला लागेल." तिचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून मी कागदाचा लगदा करणाऱ्या एका माणसाशी बोलून ठेवलं. नियम असा केला: जो पेशंट येईल त्याचं आधारवरच्या नावाने नवं रेकॉर्ड उघडायचं, जुनं कार्ड सापडलं तर त्यातलं महत्त्वाचं टाइपिंगला लावलेल्या पोरांनी उतरवायचं. वर्षभरात ज्या कार्डाचा माणूस आलाच नाही, ते कार्ड पोत्यात. माणसं मरतात, बदलीवर जातात, पोरी लग्न होऊन पुण्या-इंदूरला जातात. त्यांची कार्डं किती दिवस सांभाळायची? पोती कोठीत रचली होती आणि हे घडलं त्याच आठवड्याच्या शेवटी तो माणूस न्यायला येणार होता.

अजून एक सांगायचं राहिलं. बाहेरच्या खोलीत मी एक स्पीकर लावलाय. मी आत बटण दाबलं की टिंग वाजतं आणि मशीनची बाई हिंदीत बोलते, "टोकन संख्या सात, कृपया अंदर आइए." फक्त नंबर. नाव पुकारायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी मिळते, ती मी घेतलेली नाही. हे लक्षात ठेवा.

आता माई. सरस्वती दामले, वय सत्तरीच्या पुढे, राहणार अहिल्याबाई घाटाच्या वरच्या अंगाला. काशीतल्या आम्हा मराठी लोकांत माईंना न ओळखणारं कुणी नाही, कारण प्रत्येकाला त्यांनी एकदा तरी झापलेलं असतं. त्या दर महिन्याला बीपी दाखवायला येतात आणि दर महिन्याला माझ्याशी एकच भांडण करतात. त्यांचं जुनं कार्ड आम्हाला सापडलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या हिशेबी त्या गेल्या वर्षी आलेल्या नव्या पेशंट.

"अण्णांच्या हाताखाली म्हातारी झाले मी," माई म्हणायच्या, "आणि तुझी मशीन मला नवीन म्हणते! शरम नाही तिला."

गेल्या हिवाळ्यात माईंच्या पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. काढून टाकणंच बरं होतं. कारण फाल्गुनात नातीचं लग्न होतं आणि माईंना लग्नात पुरणपोळी खायची होती, पथ्याची पेज नाही. त्यांच्या मुलाने, श्रीपादने, शहरातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं. त्यांना ओळखीच्या डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी दोघं माझ्याकडे आले.

बाहेर उजेड होता अजून. दवाखान्यात गर्दी नव्हती. रिसेप्शनवर रीना होती. ती इथलीच, बनारसी, मराठीचं अक्षर समजत नाही. बाकावर माई, शेजारी आमचे दूधवाले यादवजी खोकत बसलेले. श्रीपाद गल्लीत उभा राहून फोनवर बोलत होता. आत माझ्यासमोर नाशिकहून आलेले एक यात्रेकरू होते, सगळे घाट अनवाणी चालून पाय सुजवून घेतलेले. मी खाली वाकून त्यांच्या घोट्यावर बोट दाबत होते. कॉम्प्युटर माझ्या पाठीमागे. माझे दोन्ही हात त्या माणसाच्या पायावर होते, हे मी शपथेवर सांगू शकते.

बाहेर टिंग वाजलं. मी मान वळवली, कारण मी बटण दाबलं नव्हतं. स्पीकर बाहेर असल्यामुळे पुढचं मला आत नीट ऐकू येत नाही. वाटलं, बिघडलं वाटतं पुन्हा.

इतक्यात पडदा सरकवून माई आत आल्या. माईंच्या गुडघ्यांची मला पूर्ण कल्पना आहे. बाकावरून उठायला त्यांना श्रीपादचा हात लागतो. त्या दिवशी त्या एकट्या, झपझप आल्या. आणि दारात थांबून खोलीभर पाहायला लागल्या.

"माई, बसा ना बाहेर. यांचं झालं की तुम्हालाच घेते," मी म्हटलं.

"तूच तर बोलावलंस."

"मी कुठे? नंबर पण नाही लागला तुमचा."

"नंबर नाही गं. नावानं बोलावलंस. मंजू, तुला कुणी सांगितलं माझं नाव?"

"सरस्वती ना?"

"ते इकडचं. कुसुम. कुसुम आठल्ये. माझं माहेरचं नाव."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, यात्रेकरूंना गोळ्या लिहून दिल्या आणि बाहेर पाठवलं. पहिला विचार काय आला सांगू? सोडियम. म्हाताऱ्या माणसाचं सोडियम खाली आलं की ते मेलेल्या आईशीही बोलतं. मी ताबडतोब त्यांचे रिपोर्ट उघडले. सोडियम उत्तम. ताप नाही. वार, महिना, नातीच्या होणाऱ्या नवऱ्याचा पगार, सगळं बरोबर सांगितलं.

मग मी रीनाला आत बोलावलं आणि विचारलं, माईंना आत कुणी पाठवलं?

"हम काहे भेजेंगे मैडम? आप ही तो बुलाईं. मशीन बोला."

"क्या बोला? नंबर?"

"नंबर नहीं बोला, नाम बोला. कुसुम... कुसुम अठले करके कुछ. उसके बाद दो-तीन शब्द और, आपकी भाषा में, वो हम नहीं समझे. हम सोचे नया सिस्टम डलवाई हैं."

मी पडदा सरकवून यादवजींना विचारलं. त्यांना या सगळ्यात काही विशेष वाटलंच नव्हतं. "हाँ, कौनो कुसुम को बुलाया। हम देखे कि माताजी उठ गईं, तो होंगी कुसुम।" आवाज कुणाचा होता? "वही औरत का, जो रोज बोलती है."

माईंना मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. "आवाज तुझ्या मशीनीचाच होता गं. पण बोलणं अण्णांचं होतं. आधी नाव घेतलं आणि मग म्हणाले, 'ये बाळ, आत ये'." एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या. माई रडताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. लग्नात सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून त्या सरस्वती. माहेरची माणसं एकेक करून गेली, भाऊ होते तेही नाहीत, यजमान गेले, शेवटी अण्णाही. कुसुम म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. त्यांच्या मुलालाही ते नाव धड माहीत नव्हतं. श्रीपाद फोन संपवून आत आला होता.

मला राग आला होता, हे कबूल करते. माझा संशय सरळ होता. डेटा एंट्रीच्या वेळी कुणीतरी हे नाव टाइप केलं असणार आणि सॉफ्टवेअरने काहीतरी गोंधळ घालून ते बोलून दाखवलं. मी कॉम्प्युटरवर कुसुम शोधलं. तीन-चार कुसुम निघाल्या, एक तर शाळेत जाणारी. आठल्ये एकही नाही.

"ताई, ते नंतर बघ ना," श्रीपाद म्हणाला. "साइन करून दे बस. सकाळी जल्दी बुलाया आहे, आईला रात्रीपासून उपाशी ठेवायचंय, घर जाऊन तिला काही खिलवतो तरी."

त्याचं चुकीचं नव्हतं. ईसीजी चांगला, शुगर ताब्यात, छाती साफ. सही न करायला कारणच नव्हतं. मी पेन उचललं, आणि माई पदराने नाक पुसत, अगदी सहज, नेहमीच्या भांडणाच्या सुरात म्हणाल्या, "अण्णा असते तर आधी कार्ड काढून बघितलं असतं."

मी पेन ठेवलं. कुठली प्रेरणा वगैरे झाली नाही. मला फक्त तो टोमणा एकदाचा संपवायचा होता. आणि हे आठल्ये प्रकरण कुठून आलं तेही शोधायचं होतं. मी जिन्याशी जाऊन वर हाक मारली, "आई, अण्णांकडे आठल्ये नावाचं कुणी यायचं का गं?"

आई जिन्यात येऊन उभी राहिली. "आठल्ये? ब्रह्माघाटावर होते म्हणे एक, वेदपाठशाळेतले. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच गेले ते. का गं?"

"त्यांची मुलगी म्हणजे आपल्या माई. दामल्यांच्या."

"मग तुम्ही तिचं कार्ड दामल्यांत शोधलंत की काय?" आई म्हणाली. "अगं, मोहल्ल्यातल्या मुलींची कार्डं ते माहेरच्याच नावानं ठेवायचे. लग्न झालं तरी बदलायचे नाहीत. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, सासरच्यांनी नाव बदललं म्हणून आजार थोडाच बदलतो?"

माईंना वाटायचं, अण्णा कुसुम म्हणतात ते जुन्या ओळखीपोटी; कार्डावरही तेच नाव असेल हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आमच्या लोकांत जुन्या पिढीतल्या किती बायकांची नावं लग्नात बदललेली आहेत, याचा हिशेबच नाही. त्या सगळ्यांची कार्डं पोत्यांत होती. टाइप करणाऱ्यांनी पाहिलं असणार, की ही कुठल्या जमान्यातली कुसुम, कमल, वत्सला, आडनाव ओळखीचं नाही, मोबाईल नाही, वर्षभरात आली नाही. लग्न होऊन गेली असेल. गेली होतीच की! चार गल्ल्या सोडून.

रीना, श्रीपाद आणि मी कोठीत शिरलो. अण्णांनी मोहल्ल्यावार गठ्ठे बांधले होते, त्यामुळे ब्रह्माघाटाचं पोतं सापडायला फार वेळ लागला नाही. कुसुम आठल्येचं कार्ड गठ्ठ्यात होतं, जिथे असायला हवं तिथेच. ते आपोआप बाहेर येऊन पडलेलं वगैरे नव्हतं. जेवढं घडलं तेवढंच सांगतेय.

कार्ड खूप जुनं. मागे नव्या कार्डांची जोड टाचलेली, त्यांवर माईंचा सगळा संसार: बाळंतपणं, मलेरिया, बीपी सुरू झालं ते. सगळ्यात पहिल्या कार्डाच्या वर लाल शाईत अण्णांचं तरुणपणचं अक्षर होतं. माझ्या ओळखीच्या अक्षरापेक्षा सरळ आणि नीट.

पोर आठ वर्षांची. घाटाच्या पायऱ्यांवर पडून हात मोडला. त्या वेळी अण्णा इथल्या एका इस्पितळात शिकाऊ डॉक्टर होते. हाड बसवण्यासाठी पूर्ण भूल दिली. भूल देताना स्नायू सैल करणारं एक इंजेक्शन देतात, स्कोलीन त्याचं नाव. काही मिनिटं माणसाचा श्वास थांबतो, तेवढ्यात घशात नळी घालून घेतात आणि मग औषधाचा असर उतरतो. फार थोड्या लोकांच्या रक्तात ते औषध उतरवणारं द्रव्य जन्मतःच नसतं. त्यांचा श्वास परत येत नाही. कधीकधी आतून माणूस जागा झालेला असतो, पण पापणीसुद्धा हलवता येत नाही. कुसुमचा श्वास परत आला नाही. तेव्हा व्हेंटिलेटर कुठला? अण्णा हाताने पिशवी दाबत बसले. कार्डावर तीन शब्द होते: "संध्याकाळपर्यंत श्वास दिला."

त्याखाली लिहिलं होतं: "वडिलांचा आग्रह, मुलीला व कोणाला सांगू नये, लग्नास अडचण येईल. शब्द दिला आहे. पुढे कधीही भूल द्यायची वेळ आली तर आधी मला विचारावे."

आधी मला विचारावे... माईंची बाळंतपणं घरी झाली, मोतीबिंदू नुसते थेंब घालून काढले. पूर्ण भूल द्यायची वेळ मधल्या सगळ्या वर्षांत आलीच नाही. ती आली अण्णा गेल्यावर, उद्या सकाळी. आणि विचारायला कुणी उरलं नव्हतं.

श्रीपादने मला विचारलं, "काय लिहिलंय ताई?" मी त्याच्या हातात कार्ड दिलं.

नर्सिंग होमच्या भूलतज्ज्ञांना मी तिथूनच फोन लावला. आधी ते जरा त्रासले, मग म्हणाले, मी तेच वापरतो, प्रत्येक पेशंटला, आणि आमच्याकडे ऑपरेशननंतर ठेवायला व्हेंटिलेटरची खाट नाही. ऑपरेशन पुढे ढकललं. माईंच्या रक्ताची तपासणी बाहेरगावी पाठवली. रिपोर्ट आला, ते द्रव्य जवळजवळ नाहीच. श्रीपादचं कमी. नातीचंही कमी. महिन्याभरात मोठ्या इस्पितळात दुसरी औषधं वापरून माईंचं ऑपरेशन झालं आणि फाल्गुनात त्यांनी पुरणपोळी खाल्ली, एक नव्हे. नातीने लग्नाआधी नवऱ्याला, सासूला, सगळ्यांना स्वतःच रिपोर्ट दाखवला. सासू म्हणाली, बरं झालं कळलं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीपायी माईंच्या वडिलांनी अण्णांकडून शब्द घेतला होता. पण त्या काळात त्यांना काय वाटलं असेल, मी कोण बोलणार?

आता तुम्ही विचाराल त्या गोष्टी. सॉफ्टवेअरचा माणूस येऊन गेला. त्याने दिवसाचा सगळा लॉग काढला. यात्रेकरूंचा नंबर पुकारल्याची नोंद आहे, नंतर माईंना तपासून झाल्यावर यादवजींचा नंबर पुकारल्याची आहे, मधे काहीही नाही. टिंगचीही नोंद नाही. नाव बोलायची सोयच त्यात नाही, आणि असती तरी ती मशीन मराठी बोलत नाही. माझा पुढचा संशय ब्लूटूथवर होता. स्पीकर वायरचा आहे. कुणी चेष्टा केली म्हणावं, तर करणाऱ्याला कुसुम आठल्ये हे नाव माहीत हवं, आणि अण्णांनंतर ते पोत्यातल्या एका कार्डाशिवाय फक्त माईंच्या डोक्यात होतं. माईंना भास झाला म्हणावं, तर रीनाला आणि यादवजींना तोच भास का व्हावा? मी सगळे धागे ओढून पाहिले. सॉफ्टवेअरवाल्याने लॅपटॉप मिटला, पान गालात सरकवलं आणि म्हणाला, "मैडम, बनारस है." याला उत्तर म्हणतात का? मला त्याचा भयंकर राग आला. पण माझ्याकडे तरी दुसरं काय उत्तर आहे?

लगदावाल्याला परत पाठवलं. सॉफ्टवेअरमध्ये आता एक रकाना आहे, "माहेरचं नाव", तो भरल्याशिवाय बाईमाणसाचं रेकॉर्ड पुढे सरकतच नाही. रीना आधी वैतागली होती, आता ज्येष्ठ बायका तो रकाना भरताना कशा खुलतात ते बघून तिलाच मजा येते. पोत्यांतली सगळी कार्डं टाइप होतायत. अजूनही मी कॉम्प्युटरच्याच बाजूची आहे. ते कार्ड वाळवीने खाल्लं असतं तर काय झालं असतं, हा विचार कार्डवाल्यांनीही करावा. पण ते कार्ड कुणी पुकारलं, हे मला अजून माहीत नाही, आणि आता कधी कळेल असं वाटत नाही.

ऑपरेशननंतर माई पहिल्यांदा बीपी दाखवायला आल्या तेव्हाचं सांगते आणि थांबते. त्यांचा नंबर आला. मी बटणावर बोट ठेवलं होतं... मग काढलं. उठले, पडदा सरकवला, त्यांचं जुनं कार्ड हातात घेतलं आणि वाचलं, "कुसुम आठल्ये. ये बाळ, आत ये."

मी पन्नाशीची, त्या माझ्या आईच्या वयाच्या. बाकावर दोघंजणं हसली. माई मात्र हसल्या नाहीत. श्रीपादचा हात बाजूला करून उठल्या आणि म्हणाल्या, "आले हं, अण्णा."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, बीपी घेतला, आणि तो आधी कार्डावर लिहिला.